रकाना क्रमांक चार

“या घरात आता पाणीसुद्धा मुद्देसूद मागायचं का?” असं आमचे हे फ्रिजला म्हणाले.

मी फ्रिजच्या उघड्या दारामागे, ओट्याखाली वाकून डब्याचं झाकण शोधत होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. फ्रिजनं काही उत्तर दिलं नाही, तेव्हा ते आणखी हळू म्हणाले, “आठ दिवस झाले. टाळ्या, टाळ्या आणि टाळ्या.”

मी झाकण घेऊन उभी राहिले. ह्यांनी पाण्याची बाटली उगीचच पुसली. “नाही, छानच झालं हो तुमचं,” असं म्हणून ते बाहेर गेले. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर नवरा बायकोला अहोजाहो करायला लागला, की त्याच्या पोटात काहीतरी दडलंय हे ओळखावं. पण मला तेव्हा कुणाच्या पोटात डोकवायला सवड नव्हती. मी हवेत होते. सेहेचाळीसाव्या वर्षी पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्या टाळ्या अजून कानातून उतरायला तयार नव्हत्या.

तर झालं असं.

मी बसस्थानकात चौकशीच्या खिडकीत बसते. बावीस वर्षं झाली. माणूस खिडकीशी येऊन “ताई, ती...” एवढं म्हणाला, की मी “फलाट चार, साडेनऊ, आज उशिरा आहे” असं सांगून मोकळी होते. प्रत्येकाचा प्रश्न पूर्ण ऐकत बसले तर रांग फाटकाबाहेर जाईल. माणसाच्या हातातली बॅग, चेहरा आणि सोबत कोण आहे, एवढ्यावरून मला त्याचं गाव कळतं. दहातले नऊ बरोबर निघतात. दहावा चुकीच्या गावाला जातो, पण तो परत येऊन तक्रार करेपर्यंत माझी ड्युटी संपलेली असते.

यंदा स्थानकात पर्यवेक्षकाची जागा रिकामी झाली. साहेब म्हणाले, तुमच्याइतका अनुभव कुणाला नाही, फक्त जनसंपर्काची पदविका तेवढी हवी. दहावीनंतर मी जे काही शिकले ते वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून आणि लोकांच्या सामानाकडे बघून. त्यामुळे वर्गात बसायचं म्हटल्यावर मला इतका हुरूप आला, की मी पहिल्याच दिवशी सात पेनं घेऊन गेले. वर्ग रविवारी, एका प्राथमिक शाळेत भरायचा. बाकं पहिलीच्या मुलांची. आम्ही सगळे आपापले गुडघे हनुवटीला लावून जनसंपर्क शिकत होतो.

शेवटच्या परीक्षेत गटानं मिळून तोंडी सादरीकरण करायचं होतं. चौघांचा गट, वीस मिनिटं, प्रत्येकाला पाच. आमच्या मॅडम वयानं माझ्या धाकट्या बहिणीहून लहान, पण नियमाला पक्क्या. प्रत्येकानं किमान तीन मिनिटं बोललंच पाहिजे, जो बोलणार नाही त्याला ही परीक्षा पुढच्या वर्षी पुन्हा. आमच्या गटात एक औषधांच्या दुकानात बसणारे गृहस्थ होते, त्यांना सगळे औषधवाले म्हणत. एक निवृत्त पोस्टमास्तर होते. आणि एक चष्म्याच्या दुकानात काम करणारी, चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी होती. ती इतकी कमी बोलायची की हजेरीच्या वेळी मॅडम तिच्या नावापाशी आल्या की मान वर करून बघायच्या. दुकानाची नवी शाखा निघणार होती आणि मालकानं तिला सांगितलं होतं, पदविका आण, शाखा तू सांभाळ. हे तिनं मला एकदा डबा खाताना सांगितलं होतं. म्हणजे तिनं सुरुवात केली होती, बाकीचं मी ओळखलं.

आमचा विषय होता, ‘समोरच्याचं ऐकून कसं घ्यावं’.

आता हसू नका. पुढचं ऐका.

मी तयारीत कसर ठेवली नाही. चौघांचेही भाग मी जुन्या वेळापत्रकांच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून काढले आणि चारही पाठ केले. कुणी अडखळलं तर गट बुडायला नको, एवढाच त्यात हेतू. पोळ्या लाटताना मी पोस्टमास्तर असायची, कपडे वाळत घालताना औषधवाले. मुलीचा भाग सगळ्यांत चांगला होता. ‘थांबणं’. समोरचा बोलायचा थांबला म्हणजे त्याचं संपलंय असं नाही, तो शब्द शोधत असतो, तेवढी जागा त्याला द्यावी, असं काहीबाही. तिनंच लिहिलं होतं. मला तो इतका आवडला की मी आंघोळीतसुद्धा म्हणायची.

त्या रविवारी पहिले औषधवाले साडेचार मिनिटं बोलले, कागदाकडे बघून. पोस्टमास्तर बरोबर पाच मिनिटं बोलले, घड्याळाकडे बघून. मग मी. मी काय बोलले ते सांगत नाही, आत्मस्तुती होईल, पण मागच्या बाकावरचा झोपलेला माणूस जागा झाला. आणि शेवटी ती मुलगी पुढे आली. तिनं हात समोर जुळवले, वर्गाकडे बघितलं.

आणि गप्प.

तुम्हाला कल्पना नाही, गप्प म्हणजे मला काय होतं. कुणी खिडकीपाशी येऊन नुसतं उभं राहिलं, तर मला चैन पडत नाही. त्याची गाडी सुटणार असं वाटतं. चाळीस माणसं समोर, मॅडमच्या हातात पेन, आणि आमच्या गटाची गाडी फलाटावरून हलायला लागलीय. मी एक पाऊल पुढे झाले आणि तिचं पहिलं वाक्य तिला हळूच आठवून दिलं. ‘थांबणं ही ऐकण्याची सुरुवात आहे.’ हळूच म्हणजे माझ्या हिशोबानं हळूच. बावीस वर्षं मी काचेपलीकडच्या माणसाशी बोलते आहे, माझा हळूच आवाज तिकीटघरापर्यंत जातो. वर्ग हसला. खळखळून हसला. आणि मला असं काही स्फुरण चढलं, की पुढचं वाक्य आपोआप आलं, त्याच्या पुढचंही. मुलगी एक पाऊल मागे सरकली. मी म्हटलं, सुटली बिचारी. शेवटच्या वाक्याला तर मी स्वतःच गहिवरले. वीस मिनिटांना दहा सेकंद कमी असताना संपवलं, आणि टाळ्या.

शेवटच्या बाकावर आमचे हे आणि कन्या बसले होते, खास बघायला. परत येताना रिक्षात मी विचारलं, “कसं झालं?”

कन्या म्हणाली, “आई, आवाज मस्त पोचत होता.”

“आणि?”

“आणि म्हणजे... ती जी मुलगी होती ना, ती...”

“घाबरली गं ती. सांभाळून घेतलं मी.”

कन्येनं बाहेर बघायला सुरुवात केली. हे आधीपासूनच बाहेर बघत होते.

इथवर सगळं सुरळीत होतं. घोळ सुरू झाला तो पत्रकामुळे. मॅडमनी जाहीर केलं, की गुण मिळण्याआधी प्रत्येकानं ‘स्वयंमूल्यमापन पत्रक’ भरायचं. स्वतःच्या हातानं, निळ्या शाईनं, आठ दिवसांत. रकाना एक, नाव. दोन, बोलण्याचा कालावधी. तीन, काय चांगलं झालं. चार, ‘स्वतःची एक त्रुटी, उदाहरणासह’. खाली गटातल्या बाकीच्या तिघांच्या सह्या, ‘वरील मजकूर आम्हास मान्य आहे’.

रकाना तीनला मी जास्तीचे दोन कागद जोडले. रकाना चारमध्ये लिहिलं, ‘तूर्तास नाही.’

पत्रकं शाळेच्या कार्यालयातल्या कारकुनाकडे द्यायची होती. त्याचीही एक खिडकी होती आणि आयुष्यात पहिल्यांदा मी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभी राहिले. हा माणूस भलताच विचित्र निघाला. मी बोलेपर्यंत तो थांबला. माझं बोलून झालं तरी आणखी थोडा थांबला. मी तेच पुन्हा एकदा सांगितलं. मग त्यानं पत्रक वाचलं आणि परत सरकवलं. “चार रिकामा आहे.”

“लिहिलंय की. नाही म्हणून.”

“नाही म्हणजे रिकामाच.”

घरी आले तर शेजारच्या वहिनी दारातच. त्यांना आमच्या घरातला कागद वासावरून कळतो. त्यांनी पत्रक हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाल्या, “यात काय एवढं? त्रुटी अशी द्यायची की वाचणाऱ्याला आपलं कौतुक वाटलं पाहिजे. आमच्या भावजींनी मुलाखतीत सांगितलं, माझा दोष म्हणजे मला काम अर्धवट सोडवत नाही. लगेच घेतलं त्यांना.”

“मग?”

“मग काय, सहा महिन्यांनी काढलं. पण घेतलं ना.”

मी लिहिलं, ‘मी गरजेपेक्षा जास्त मेहनत घेते.’ कारकुनानं वाचलं, थांबला, आणि म्हणाला, “बाई, ही त्रुटी नाही, ही जाहिरात आहे.”

रांगेत माझ्यामागे तीन माणसं होती. त्यांतला एक हसला. बावीस वर्षं ज्या बाईनं हजारो लोकांना योग्य फलाटावर पोचवलं, तिला एका रकान्यानं असं उन्हात उभं करावं? मी मान ताठ ठेवून जिना उतरले. जिना चुकीचा होता, तो मुतारीकडे जात होता, पण मान ताठ होती.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त व्यायामशिक्षक राहतात. वहिनींनी माझी अडचण त्यांना पोचवली, आणि ते चहाच्या वेळी स्वतःहून खाली आले. “उभं राहून दाखवा,” म्हणाले. मी हॉलमध्ये उभी राहिले. त्यांनी माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. “सगळं वजन डाव्या पायावर. वक्ता दोन्ही पायांवर हवा. हीच तुमची त्रुटी.” मग त्यांनी ह्यांनाही उभं केलं आणि वहिनींनाही. वहिनींचं वजन दोन्ही पायांवर निघालं. त्या दिवसभर खूश होत्या.

तिसऱ्यांदा कारकून म्हणाला, “डावा पाय. बरं. याला गटाची मान्यता आहे का? सह्या कुठेत?”

सह्यांचं मी विसरलेच होते.

“आणि तुमच्याच गटातल्या त्या मुलीचं पत्रक पण अडकलंय,” तो म्हणाला. “रकाना दोन कोरा. बोलण्याचा कालावधी.”

“घाबरली हो बिचारी.”

तो थांबला. “तिनं कारण काही लिहिलेलं नाही. गटातल्या दुसऱ्या कुणी लिहून दिलं, तर मॅडम तिला परत पाच मिनिटं देतात. नियम आहे. नाहीतर पुढच्या वर्षी. उद्या शेवटचा दिवस.” आणि तो माझ्याकडे बघत राहिला. अजून काही बोलणार असेल असं वाटेना, तेव्हा मीच त्याला सांगितलं की खिडकीची काच पुसायला झालीय.

तिथून थेट औषधांचं दुकान गाठलं. औषधवाले एका आजोबांना गोळ्यांच्या वेळा समजावत होते. मी म्हटलं, “भाऊ, खरं सांगा, माझं काय चुकलं त्या दिवशी?”

त्यांनी गोळ्यांची पट्टी खाली ठेवली. “आता विचारताच आहात तर, म्हणजे बघा ताई...”

“पाय ना? डावा?”

औषधवाल्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि सही केली. कुठे केली तेही बघितलं नाही.

पोस्टमास्तरांनी पत्रक भिंगातून वाचलं, दोन स्वल्पविराम घातले, एक काढला. “वेळेच्या दृष्टीनं गटाबद्दल आक्षेप नाही,” ते म्हणाले. “एकूण वीस मिनिटं, दहा सेकंद कमी. वाटपाच्या बाबतीत मात्र असं आहे की...”

“कागद वाटायला उशीर झाला, हो ना? मलाही तेच वाटलं.”

पोस्टमास्तरांनी चष्मा काढून पुसला. पुसून परत घातला. “आपण चष्म्याच्या दुकानात जाऊन आलात का?” असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिकडेच निघालेय. तर म्हणाले, “हां. तिथली सही महत्त्वाची.” आणि अगदी पार्सलावर मोहोर मारावी तशी सही ठोकली.

रस्त्यात मी जवळजवळ पळत होते. घाईनं नव्हे, आनंदानं. एक सही राहिली होती. एक सही, मग पदविका, मग पर्यवेक्षकाची खोली. त्या खोलीला पंखा आहे, आणि टेबलावर घंटी. ती घंटी मी मनातल्या मनात दोनदा वाजवलीसुद्धा.

दुपारची वेळ. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मालक जेवायला गेलेले. मुलगी काउंटरच्या मागे एका चष्म्याच्या काडीचा स्क्रू पिळत होती. मला बघून उठली. “या काकू.”

“अगं, एक सही दे पटकन. बाकी दोघांनी केली. उद्या शेवटचा दिवस.” मी पत्रक तिच्यापुढे धरलं आणि तिच्या सोयीसाठी वाचूनही दाखवलं. “‘बोलताना सर्व वजन डाव्या पायावर होते. उदाहरणार्थ, संपूर्ण सादरीकरण.’”

तिनं पेन घेतलं. डाव्या पायापाशी तिची नजर थांबली. मग तिनं पेन ठेवलं.

“काकू, तुम्ही कागद फार लांब धरून वाचताय. बसा ना, नंबर बघते तुमचा.”

“आत्ता? आधी सही...”

“दोन मिनिटं लागतील.”

तिनं मला उंच खुर्चीत बसवलं आणि ती तपासणीची जड, गोल चौकट माझ्या नाकावर चढवली. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. मी वरून खालपर्यंत सगळ्या ओळी धडाधड म्हणून टाकल्या.

“काकू, मी अजून विचारलं नाही.”

“आत येतानाच बघून ठेवला होता.”

ती हसली नाही. तिनं तक्ता उलटा केला, मागे वेगळी अक्षरं होती. माझा डावा डोळा झाकला, उजव्यापुढे एक भिंग बसवलं. “आता सांगा. हे बरं दिसतंय, की...”

“हे बरं.”

“दुसरं दाखवलं नाही अजून.”

तिच्या आवाजात राग नव्हता. रोज दहा माणसांना सांगत असेल तसं तिनं ते सांगितलं. पण मी त्या खुर्चीत, एक डोळा झाकून, नाकावर अर्धा शेर लोखंड घेऊन बसलेली, आणि माझ्या मनात एकदम औषधवाल्यांचं मिटलेलं तोंड आलं. त्याच्या मागोमाग पोस्टमास्तरांचं ‘असं आहे की’. रिक्षातली कन्या. फ्रिजशी बोलणारे आमचे हे. एकेकाचं वाक्य माझ्यासमोर अर्धवट उभं, जसे माझ्या खिडकीवरून चुकीच्या फलाटावर पाठवलेले प्रवासी.

“अगं,” मी म्हटलं, “त्या दिवशी माझं काय चुकलं?”

ती भिंगांच्या पेटीकडे वळली. पेटीत ती काहीतरी शोधत होती, किंवा नव्हती. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. घाबरलीस ना गं तू, मी सांभाळून घेतलं. इतकं तयार होतं की नुसते ओठ उघडायचा अवकाश. समोर काही धड दिसत नव्हतं, रांग नव्हती, गाडीही सुटत नव्हती, तरी घाई तीच. मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. काय करावं सुचेना, तेव्हा मनातल्या मनात आकडे मोजायला लागले. एक. बाहेरून एक सायकल गेली. दोन. इथे मला खोकला येतोय असं वाटलं, तो गिळला.

तीन.

“मी घाबरले नव्हते, काकू,” ती म्हणाली. अजून पेटीकडेच बघत. “मॅडमनी सांगितलं होतं, सुरुवात करण्याआधी मनात तीन मोजायचे. मी मोजत होते. तुम्ही दोनवर सुरू झालात. ते माझं होतं. मी रोज आईला म्हणून दाखवायचे, आणि तुम्ही माझं सगळं बोलून टाकलंत.”

मग तिनं माझ्या नाकावरची चौकट काढून घेतली, पत्रक माझ्यापुढे ठेवलं, आणि माझ्याच पर्समधलं पेन काढून माझ्या हातात दिलं.

“डावा पाय खोडा,” ती म्हणाली. “आणि हे लिहा. निळ्या शाईनं, उदाहरणासकट. मग करते सही.”